पितळेचे हिरे

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटलं असेल. फोन लावला की आई स्पीकर चालू करायला सांगतात, आणि मग तुम्हा मायलेकींचं 'जेवलीस का, काय जेवलीस' एवढंच होतं. या वेळी मला फक्त माझ्या नणंदेशी बोलायचंय, आणि तेही तिच्या कामाबद्दल.

लग्न ठरल्याची अंगठी करायची आहे. हिऱ्याची. काल दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलीने मखमलीवर इतके आकार मांडले की माझी मती गुंग झाली. गोल, चौकोनी, लांबट, थेंबासारखा, होडीसारखा. प्रत्येकाला ती 'हा तर फारच सुंदर दिसतो' म्हणत होती. सगळेच फार सुंदर म्हटल्यावर निवडायचं काय, कपाळ? अंगठी देणाऱ्या माणसाला चौकोनी आवडला. प्रिन्सेस की काय म्हणाली ती. मला पटेना, पण का पटेना तेही सांगता येईना.

हात दिवसभर पाण्यात असतो हे लक्षात घे, आणि तेही औषध घातलेल्या पाण्यात. अंगठी पेटीत ठेवायला नकोय, रोज घालायची आहे. तू आयुष्यभर हिऱ्यांना पैलू पाडत आलीस. कुठला कट घ्यावा?

आईंना यातलं काही बोलू नकोस. वेळ आली की मीच सांगेन.

तुझी,
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

अगं लबाड! अंगठी कोणाची ते लिहायला शाई संपली होती का? हात दिवसभर औषधाच्या पाण्यात, म्हणे. माझी भाची हॉस्पिटलात नर्स आहे हे मला माहीत नाही? कामावरच चोरून पत्र उघडलं आणि अशी ओरडले की शेजारचा कारागीर दचकला. त्याचा खडा चाकावरून उडाला. मग सगळा कारखाना गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होता. खडा शेवटी मालकांच्या बुटात सापडला.

मुलगा कोण, काय करतो, ते पुढच्या पत्रात हवंय. आता हिऱ्याचं ऐक.

प्रिन्सेस नको. त्याचे चारही कोपरे टोकदार असतात. हिरा सगळ्यात कठीण म्हणतात ते ओरखड्यांपुरतं. आपटण्यापुढे तोही काचेचा भाऊच, आणि टवका आधी कोपऱ्याचा उडतो. होडीला दोन टोकं, थेंबाला एक, म्हणून तेही बाद. हातमोज्यात अडकतील. एमराल्ड म्हणून एक लांबट, पायऱ्यापायऱ्यांचा कट असतो, शांत दिसतो, पण आतला बारीकसा डागही चव्हाट्यावर मांडतो. गोल म्हणजे पांढरा सदरा, कुठेच चुकत नाही. पण भाचीची बोटं लांबसडक आहेत. तिला ओव्हल शोभेल.

आणि दुकानातून काही घेऊ नका. माझ्याकडे एक कच्चा खडा आहे. मालकांकडून मागून घेतला होता, तिच्याच लग्नासाठी. इतकी वर्षं पुरचुंडीत बांधून ठेवलाय. मीच घडवणार. बोटाचं माप पाठव. आत्याने घासलेला हिरा कोणाच्या नशिबी असतो?

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

मापाची कागदी पट्टी सोबत आहे. ती आधी बघ आणि मग पुढचं वाच.

बघितलीस? तुझ्या भाचीचं बोट एवढं जाड नाही. हे पाण्याने सुरकुतलेलं बोट माझं आहे. अंगठी माझी आहे, भिंगरी. तुझ्या दादानंतर इतक्या वर्षांनी मी लग्न करतेय.

मागच्याच पत्रात लिहिणार होते. पेन उचललं आणि हिऱ्याच्या आड लपले. तू एवढी खूश झालीस की आता लपून राहणं बरं नाही.

त्यांचं कुलूप-चावीचं दुकान आहे. तलावावर सगळे त्यांना चावीवाले म्हणतात, मीही तेच म्हणते. मी पोहायला शिकवायला लागल्यापासून पोरांना सांगतेय, कपाटाची चावी मनगटाला बांधा. तरी कोणाची ना कोणाची चावी तळाशी जातेच. मग ते येतात. गुडघे मोडून कुलपासमोर बसतात, आणि ओल्या टॉवेलात कुडकुडणाऱ्या पोराला कधी एका शब्दाने बोलत नाहीत. एकदा मी म्हटलं, "जरा रागवा त्यांना, म्हणजे पुन्हा हरवणार नाहीत."

तर म्हणाले, "मग माझं इकडे येणं बंद होईल."

हे धंद्याबद्दल बोलले की कशाबद्दल, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. धंद्याबद्दल नव्हतं.

त्यांचं आधी लग्न झालेलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं. एखाद्याला उलट फोन करायचा राहून जातो ना, तसं."

तुझ्या भाचीला सांगितलंय. आईंना अजून नाही. तुझा खडा पुरचुंडीतच राहू दे, तो तिचाच आहे. मला फक्त सल्ला हवाय. पण तो दुसऱ्या कोणाचा नको.

तुझी,
वहिनी


१७ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. कामामुळे उत्तराला उशीर झाला.

तुझं आयुष्य आहे, मी कोण बोलणार? एवढंच विचारते, आईचं काय? दादा गेला तेव्हा तूच तिला 'इथेच राहा' म्हणालीस. आता तू नवीन घरी जाणार. माझ्याकडे एक खोली आहे, वर यायला उभा अरुंद जिना आहे, आणि मी दिवसभर चाकावर. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. चावीवाल्यांनी याचा विचार केलाय का? की कुलूप उघडलं म्हणजे त्यांचं काम झालं?

हिऱ्याचं म्हणशील तर कुठलाही घे. सगळेच चमकतात. दुकानातली मुलगी सांगेल.

भिंगरी


२६ मार्च

प्रिय भिंगरी,

'प्रिय' तू गाळलंस. मी गाळणार नाही.

मी नवीन घरी जाणार, असं मी कुठल्या ओळीत लिहिलं? पुन्हा वाचून बघ. मी कुठेही जात नाहीये. तेच इकडे येणार आहेत, एक पेटी आणि एक डुगडुगती खुर्ची घेऊन. सुनेने घरजावई आणला म्हणून लोक हसतील. हसोत. मी आईंना सांभाळते असं तू म्हणतेस, पण इतक्या वर्षांत कोण कोणाला सांभाळतंय ते आम्हा दोघींनाच कळेनासं झालंय. तुझ्या दादाचा फोटो बैठकीत आहे तिथेच राहणार. त्याचा खिळा हलत होता, तो चावीवाल्यांनीच घट्ट बसवला.

आईंना परवा सांगितलं. तेव्हापासून अबोला आहे. जेवतात, पेपर वाचतात, माझ्याशी 'मीठ' यापलीकडे शब्द नाही. आज ना उद्या बोलतील. नाही बोलल्या तरी मी मागे हटणार नाही. तूही नीट ऐक. मी तुझी परवानगी मागितली नव्हती. कट विचारला होता.

तू सांगितला नाहीस, म्हणून आम्हीच शोधला. चावीवाल्यांनी कोऱ्या चाव्यांचं पितळ कापलं, कानशीने घासून त्याचे खडे केले आणि साध्या कड्यांवर बसवले. त्या अंगठ्या घालून मी तलावात शिकवत होते, एकेक आलटून पालटून. होडीचं टोक पहिल्याच दिवशी एका मुलीच्या रबरी टोपीत अडकलं. टोपी टर्रकन फाटली. थेंब माझ्याच पोहण्याच्या कपड्यात रुतला. आणि त्यांच्या लाडक्या चौकोनाने, पोराचा दंड धरला तर ओरखडा काढला! पोर रडलं नाही, पण मी तशीच ओल्या केसांनी त्यांच्या दुकानात गेले आणि अंगठी त्यांच्यापुढे आपटली.

गोल कुठेच अडकला नाही. तोच घ्यायचं नक्की होत होतं. पण चौकोन परत घेताना त्यांचा चेहरा उतरला होता, तो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. हा माणूस स्वतःसाठी कधी काही मागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. म्हटलं, "तुमचा चौकोन राहू दे. त्याचे कोपरे तेवढे घालवा."

त्यांनी विचारलं, "कोपरे गेल्यावर तो चौकोन राहील का?"

"घासून तर बघा."

त्यांनी घासला. तेव्हापासून तो माझ्या बोटात आहे. कशात अडकत नाही, कोणाला लागत नाही, आणि अजून चौकोनच दिसतो. सोबत पाठवतेय. असा हिरा असतो का? असला तर नाव सांग. नसला तर तसं सांग.

तुझी,
वहिनी


२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं सुनबाईला आलेलं पत्र मी वाचलं. तिने दाखवलं नाही, टेबलावर होतं ते मी उचललं. माझ्याबद्दलच लिहिलंस, तेव्हा वाचायचा हक्क मला आहे.

मला तुझ्याकडे यायचं नाही. तुला जेवढी जिन्याची भीती वाटते ना, त्याहून जास्त मला तुझ्या स्वयंपाकाची वाटते.

सुनबाईशी मी बोलत नव्हते, ती लग्न करते म्हणून नव्हे. सगळं ठरवून झाल्यावर मला सांगितलं म्हणून. कपाट कुठे हलवायचं ते कपाटाला कोणी विचारत नाही, तशी माझी गत. मग म्हटलं, हा माणूस आपणच बघावा. सुनबाई तलावावर गेल्यावर त्याच्या दुकानात फोन केला. सांगितलं, माझ्या खोलीच्या दाराला कुलूप बसवायचंय. पेटी घेऊन आला.

मी म्हटलं, "आतून लागेल असं हवं. बाहेरून कोणाला उघडता येता कामा नये. घरात परका माणूस राहायला येतोय."

तो दाराची फळी चाचपत होता. म्हणाला, "कुलूप बसवतो. पण बाहेरून न उघडणारं नाही बसवणार."

"का? गिऱ्हाईक मी आहे."

"तुम्ही आत पडलात तर मला दार फोडावं लागेल. तोवर तुम्ही जमिनीवर."

"मी पडणार नाही."

"सगळे तेच म्हणतात. मी बरीच दारं फोडलीत."

मी म्हटलं, मग दुसरा माणूस बोलावते. तर पेटीचं झाकण लावत म्हणाला, "बोलवा. त्यालाही मी हेच सांगून ठेवीन."

भिंगरी, माझं म्हणणं तोंडावर नाही म्हणणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. तुम्ही सगळी 'हो आई, हो आई' म्हणता आणि आपल्याला हवं तेच करता. शेवटी त्याच्या म्हणण्यासारखंच कुलूप बसलं. बाहेरची चावी त्याने स्वतःकडे ठेवली नाही, माझ्या हातात दिली. म्हणाला, कोणाकडे ठेवायची ते तुम्ही ठरवा. संध्याकाळी मी ती सुनबाईला दिली. तेव्हा आमचं बोलणं सुरू झालं.

तुझा भाऊ माझा मुलगा होता. त्याच्यासाठी रडायचं असेल तर इकडे ये, दोघी मिळून रडू. लांबून फुरंगटून बसू नकोस. आणि तुला कामाचं काही विचारलंय ना, त्याचं उत्तर दे.

तुझी,
आई


१० एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पाकीट आल्यावर आठवडाभर तसंच पडून होतं, उघडायचा धीर होईना. मग आईचं पत्र आलं. ते वाचलं आणि कान कोणी पिळल्यासारखे लाल झाले. मला वाटत होतं मी दादासाठी रडतेय. आईचं वाचल्यावर कळलं, निम्मं रडणं जिन्यासाठी होतं.

मग तुझं पाकीट उघडलं. पितळ भिंगाखाली धरलं. कानशीच्या रेघा सगळ्या एका दिशेने, चारही कोपरे सारखे, आणि पाठही घासलेली, जी कोणाला दिसणारसुद्धा नाही. आमच्या कारखान्यात असं काम शिकण्यात पोरांची उमेदीची वर्षं जातात. मी तो खडा शेजारच्या कारागिराला दाखवला. त्याने विचारलं, "कुठल्या कारखान्यातला माणूस?" मी म्हटलं, "आमच्या घरातला." तोंडातून निघून गेलं, मग परत घेतलं नाही.

असा हिरा असतो. त्याला कुशन म्हणतात, कुशन म्हणजे उशी. चौकोन, पण कोपरे गोलसर. माणसांनी तो फार पूर्वीच शोधून ठेवलाय, तेव्हा दोघांनी हवेत जाऊ नका. पण तुला हाच हवा, यात शंका नाही.

बाकीचंही ऐक. हिऱ्याला वरून धातूच्या नख्यांनी धरायचं नाही, नख्या अडकतात. चारही बाजूंनी सबंध कड हवी, आणि खडा बोटाला जितका खाली बसेल तितका बरा. तुमच्या तलावातलं औषध सोन्याला खातं, म्हणून प्लॅटिनम घ्या. मागच्या वेळच्या कागदी पट्टीवर मी जाणार नाही. पाण्यातून बाहेर आल्या आल्या, बोटं गार असताना माप घे. गार बोट बारीक होतं. नाहीतर तुझीच अंगठी तळाशी जायची आणि तुझेच चावीवाले बुडी मारायचे.

खडा मी देणार. भाचीला फोन केला होता. ती म्हणाली, "आत्या, तो माझ्यासाठीच ठेवलायस ना?" म्हटलं, "हो." "मग तो कोणाला द्यायचा ते मी सांगते." झालं. तुम्हा मायलेकींपुढे कोणाचं काही चालत नाही.

एकच सांगून ठेवते. खड्याच्या एका कोपऱ्यापाशी आत केसाएवढी चीर आहे. ती किती खोल गेलीय ते चाकावर धरल्याशिवाय कळणार नाही. मोडूही शकतो.

तुझी,
भिंगरी


१९ एप्रिल

प्रिय भिंगरी,

माप पाठवतेय, बोटं निळी पडली असतानाचं. चावीवाल्यांना चिरेचं सांगितलं. त्यांना खड्यापेक्षा तुझी काळजी. म्हणाले, "मोडला तर त्यांना वाईट वाटेल. राहू दे म्हणा." मी म्हटलं, ती राहू देणाऱ्यांतली नाही.

तू तुझं काम कर. मोडला तर मी पितळेची घालीन, आणि ताठ मानेने घालीन.

तुझी,
वहिनी


११ मे

प्रिय वहिनी,

झाला!

तीन कोपरे मुकाट आले. चौथ्याला चाकाचा आवाज बदलला. ताबडतोब उचलून भिंगाखाली धरला, तर चीर वाटलं होतं त्याहून आत गेलेली. मालक मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "थांब. सगळीकडून उतरवून लहानसा गोल कर. जोखीम नको."

"गोल नकोय त्यांना."

"गिऱ्हाईकाला काय कळतं?"

"हे गिऱ्हाईक पाण्यात उतरून, घालून बघून आलंय," म्हटलं.

ते हसले, पण तिथून हलले नाहीत. हिरा वाटेल तिकडून घासता येत नाही, वहिनी. एका दिशेने तो चाकालाच खातो, दुसऱ्या दिशेने झिजतो. ती दिशा धरून, चीर उघडणार नाही अशा बेताने खडा पुन्हा बसवला. मग जरासा टेकवायचा, उचलायचा, बघायचा. पुन्हा टेकवायचा. हात हलला तर संपलं, म्हणून खाली ठेवून मध्येच पाणी पिऊन आले. शेजारचा कारागीर त्याचं चाक बंद करून बसून राहिला, मला माझ्याच चाकाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

चीर गेली. पण तिच्याबरोबर कोपऱ्याचा बराच भागही गेला, आणि त्याला जुळवायला बाकीचे तिन्ही आणखी उतरवावे लागले. तेव्हा हिरा ठरवला होता त्याहून लहान झालाय. चौथा कोपरा अजूनही किंचित जास्त गोल आहे. साध्या डोळ्याला दिसणार नाही. चावीवाल्यांना मात्र दिसेल. कानस लावायची नाही, सांगून ठेव.

पोस्टाने पाठवणार नाही, मीच घेऊन येतेय. रजा टाकली आहे. लग्न झाल्यावर तुम्हा दोघांना कुठे जायचं असेल तर खुशाल जा. मी आईजवळ राहीन. स्वयंपाकही मीच करीन. तिला आधी सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी


३० जुलै

प्रिय भिंगरी,

तू परत गेलीस आणि घर एकदम गप्प झालं. काल आई आपणहून म्हणाल्या, "भिंगरी असताना बरं होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "भात करपला नसेल त्या दिवशी."

अंगठी रोज पाण्यात असते. कुठे अडकली नाही, घसरली नाही. जी पोरं पाण्याखाली डोळे उघडायला घाबरायची, ती आता हिरा बघायला म्हणून उघडतात. मी शिकवून शिकवून थकले होते, ते तुझ्या खड्याने एका दिवसात केलं. चावीवाल्यांनी तो कोपरा पहिल्याच दिवशी हेरला. माझा हात हातात घेतला की अंगठा नेमका तिथेच फिरतो.

पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितेय. परवा आईंचे डोळे तपासायचे होते. माझा वर्ग होता, म्हणून चावीवाले त्यांना घेऊन गेले. घरी आल्यावर आई सरळ खोलीत जाऊन पडल्या, आणि हे भांडी घासायला लागले. दोनच कप होते. ते घासतच राहिले. मी विचारलं, "डॉक्टर काही वाईट बोलले का?" मान हलवूनच नाही म्हणाले. मग पाठमोरेच सांगायला लागले.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आजी, सोबत कोण आलंय?"

आईंनी यांच्याकडे बोट दाखवलं. "हे."

"हे तुमचे कोण?"

शेजारी म्हणून सांगावं, उगीच आईंना अवघडायला नको, असं यांच्या मनात आलं. पण त्याआधीच आई म्हणाल्या, "माझ्या सुनेचा नवरा."

बाई हसायला लागल्या. "म्हणजे मुलगाच की! सरळ सांगा ना, आजी."

हे आईंकडे बघत राहिले. आता त्या बाईंना समजावून सांगतील, मग सगळा दवाखाना ऐकेल, असं यांना वाटलं. पण आई सरळ पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. हेही बसले, मध्ये एक जागा सोडून.

बऱ्याच वेळाने आतलं दार उघडलं. मदतनिसाने आवाज दिला, "आजींचा मुलगा कोण? त्यांच्याबरोबर आत या."

आई उठल्या. हे जागचे हलले नाहीत. खाली फरशीकडे बघत बसले. आई हळूहळू दारापर्यंत गेल्या, चौकटीला हात टेकून मागे वळल्या, आणि मला 'मीठ' म्हणायच्या ना, त्याच आवाजात म्हणाल्या,

"बसलात काय? तुम्हालाच बोलावतायत."

मग हे उठले आणि त्यांच्याबरोबर आत गेले.

तुझी,
वहिनी